जाळं कापून कासव सोडलं तर मच्छीमाराला पैसे मिळतात? काय आहे ही योजना?

मासेमारीच्या जाळ्यात कधी ऑलिव्ह रिडले कासव अडकतं, कधी डॉल्फिन, तर कधी थेट व्हेल शार्क. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार या प्राण्यांची शिकार हा गुन्हा. त्यांना सोडायचं तर अनेकदा जाळंच कापावं लागतं. म्हणजे कायदा पाळायचा आणि खिशालाही चाट!

म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारनं योजना आणली. संरक्षित प्राण्याला जिवंत सोडताना जाळ्याचं नुकसान झालं, तर जास्तीत जास्त २५ हजार रुपये भरपाई मिळते. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून ही योजना राबवतात.

पुरावा काय? सुटकेचे फोटो किंवा व्हिडिओ. त्यामुळे रील काढणारा एखादा पोरगा बोटीवर असेल तर उत्तमच. प्राणी सोडून दिल्यावर शूटिंग आठवलं, तर दाखवायला काही उरत नाही.

मात्र ही भरपाई जाळ्याची आहे, हातची गेलेल्या मासळीची नाही. मोठ्या पर्ससीन जाळ्याची किंमत लाखांत असते, तिथे २५ हजार तोकडेच पडतात. छोट्या होडीवाल्याला मात्र ही रक्कम मोठा आधार ठरू शकते. शेजारच्या गुजरातमध्ये व्हेल शार्कसाठी अशी भरपाई त्याआधीपासूनच दिली जाते.