परिविक्षाभंग

परिविक्षेवर सुटलेल्या अपराध्याने बंधपत्रातील अटी मोडणे. भारतात याची तरतूद अपराधी परिविक्षा अधिनियम, 1958 च्या कलम 9 मध्ये आहे. ठरावीक ठिकाणी राहणे, नशापाणी न करणे अशा अटी बंधपत्रात असतात. त्या मोडल्याचे परिविक्षा अधिकाऱ्याच्या अहवालावरून किंवा अन्यथा वाटल्यास न्यायालय अपराध्यावर वॉरंट काढते किंवा त्याला व जामीनदारांना समन्स पाठवते. चौकशीपर्यंत त्याला कोठडीत ठेवता येते किंवा जामिनावर सोडता येते. भंग सिद्ध झाल्यास मूळ गुन्ह्याची शिक्षा लगेच ठोठावता येते; पहिलाच भंग असेल तर बंधपत्र कायम ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंडावर भागू शकते. ही रक्कम आज हास्यास्पद वाटते, पण ती न भरल्यास मूळ गुन्ह्याची शिक्षा भोगावी लागू शकते.

बचावात मूळ दोष पुन्हा उकरण्यात अर्थ नसतो. अट नेमकी काय होती, ती खरोखर मोडली का, की इस्पितळात असल्याने हजेरी चुकली, हे कागदोपत्री दाखवावे लागते. परिस्थिती बदलून अट पाळणे अवघड झाले असेल, तर भंग होण्यापूर्वीच परिविक्षा अधिकाऱ्याला गाठावे; त्याच्या अर्जावरून कलम 8 खाली न्यायालय अटी बदलू शकते.