आणे, नये पैसे आणि कीस्टोनच्या तीन किल्ल्या

मंडळी, १ एप्रिल १९५७ या दिवशी आपल्या देशात एक जबरदस्त अपग्रेड झालं. तोपर्यंत रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर 'नये पैसे'. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे! (हा हिशोब सांभाळणाऱ्या तमाम वाण्यांना आपला साष्टांग दंडवत.) पण गंमत अशी की जुनी नाणी त्या दिवशी बाद झाली नाहीत. आणे आणि नये पैसे काही वर्षं बाजारात शेजारी शेजारी चालले. लोक सरावले, आणि १९६४ साली 'नये' हा शब्दही गळून पडला. म्हणजे आधी नवं आणा, मग काही काळ दोन्ही चालू द्या, शेवटी जुनं बंद करा. (कोटी अपघाताने झाली आहे :) )

एका आयटीवाल्याने हे उकरून काढायचं कारण असं, की नेमकी हीच तीन पावलं शिकायला आमच्या क्षेत्रातल्या एका मोठ्या सॉफ्टवेअरला पाच-सहा वर्षं लागली.

ते सॉफ्टवेअर म्हणजे ओपनस्टॅक. प्रायव्हेट क्लाउड म्हणजे काय, तर ॲमेझॉनसारखी सेवा, पण आपल्याच डेटा सेंटरमध्ये, आपल्याच सर्व्हरवर. नासा आणि रॅकस्पेस या दोघांनी जुलै २०१० मध्ये हा प्रकल्प जाहीर केला. पहिला रिलीज, ऑस्टिन, त्याच वर्षी ऑक्टोबरात आला. पुढे साधारणपणे दर सहा महिन्यांनी एक रिलीज, नावं इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने. लिहिणाऱ्यांचा उत्साह दांडगा होता. चालवणाऱ्यांचे मात्र हाल! कारण अपग्रेड करायचं ते एक एक पायरी चढत. मधली पायरी गाळून उडी मारायची सोय नाही. मग लोकांनी काय केलं? जे आपण सगळेच करतो ते. 'चाललंय ना, मग हात लावू नका.'

आता यातला दुसरा धागा, कुलूप-किल्ल्यांचा. कोण आत येऊ शकतो हे ठरवणारा ओपनस्टॅकचा द्वारपाल म्हणजे कीस्टोन. एप्रिल २०१२ च्या एसेक्स रिलीजमध्ये तो अधिकृतपणे दाखल झाला. पासवर्ड दाखवला की तो एक टोकन देतो, आणि पुढे सगळीकडे ते टोकन चालतं. जत्रेत पाळण्याचं तिकीट असतं ना, तसं. सुरुवातीला प्रत्येक टोकनाची डेटाबेसमध्ये नोंद व्हायची. टेबल फुगत जायचं, आणि शिळी टोकनं साफ करायला वेगळी झाडलोट लावावी लागायची. मग सही-शिक्क्याची पीकेआय टोकनं आली. म्हणजे दर वेळी द्वारपालाला विचारायला नको, सही तपासली की झालं. पण त्या टोकनात इतकी माहिती कोंबलेली असायची, की ती कधीकधी एचटीटीपी हेडरमध्येही मावेनात!

अखेर एप्रिल २०१५ मध्ये, किलो नावाच्या रिलीजमध्ये, फर्नेट टोकनं आली. छोटी, कूटबद्ध, आणि डेटाबेसमध्ये साठवायची गरजच नाही. मात्र ती ज्या किल्लीने बनतात ती किल्ली अधूनमधून बदलायला हवी. इथे खरी मेख आहे. समजा तीन सर्व्हरवर कीस्टोन चालतंय. एकावर नवी किल्ली आली आणि बाकी दोघांकडे अजून पोचलीच नाही, तर पहिल्याने दिलेलं टोकन दुसरा ओळखणारच नाही.

यावरचा उपाय मला भयंकर आवडतो. नेहमीच्या मांडणीत किल्ल्या तीन असतात. एक मुख्य: नवी टोकनं हिनेच बनतात. एक जुनी: हिने नवीन काही बनत नाही, पण हिची टोकनं अजून उघडता येतात. आणि एक उद्याची: ती आधीच सगळीकडे पोचवून ठेवलेली असते. बदलाच्या दिवशी उद्याची मुख्य होते, मुख्य जुनी होते, सगळ्यात जुनी फेकली जाते, आणि पुन्हा एक नवी 'उद्याची' तयार होते. त्यामुळे कुठल्याही सर्व्हरला अनोळखी किल्ली कधी भेटतच नाही.

आता मजा बघा. ऑक्टोबर २०१६ च्या न्यूटन रिलीजमध्ये कीस्टोनचा डेटाबेस चालू सेवेतच अपग्रेड करायची सोय आली. तिचे टप्पेही तीनच: एक्स्पांड, मायग्रेट, कॉन्ट्रॅक्ट. आधी नवे कॉलम जोडा, जुन्यांना हात न लावता. मग डेटा नव्या जागी हलवा. सगळे सर्व्हर नव्या व्हर्जनवर गेले की शेवटी जुने कॉलम काढा. किल्ली बदलणं आणि व्हर्जन बदलणं हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण उत्तर एकच निघालं: जुनं आणि नवं काही काळ एकत्र नांदलं पाहिजे.

पासवर्डचं घोडं मात्र बराच काळ अडून होतं. एका युजरला पासवर्ड एकच, आणि तो शेकडो मशिनांच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेला. बदलला की जिथे नवा पोचला नाही तिथलं काम ठप्प. म्हणून कोणी बदलायचंच नाही! फेब्रुवारी २०१८ च्या क्वीन्समध्ये ॲप्लिकेशन क्रेडेन्शियल आली. एकाच युजरच्या नावावर अशी कितीही काढता येतात. नवं काढा, सगळीकडे पोचवा, मग जुनं रद्द करा. पुन्हा आणे आणि नये पैसेच की! आणि मार्च २०२३ च्या अँटिलोपपासून एक रिलीज गाळून पुढच्यावर जायची अधिकृत वाटही झाली. वर्षातून एकदाच अपग्रेड. सुटलो बुवा.

तरीही सगळं सोपं झालंय असं नाही. तिन्हींमधलं तिसरं पाऊल सगळ्यात दुर्लक्षित राहतं, हे या क्षेत्रातल्या कोणालाही विचारा. नवं आलं की मॅनेजर खूश, टीमची पार्टी, प्रोजेक्ट बंद. जुना पासवर्ड मात्र कुठल्यातरी स्क्रिप्टमध्ये जिवंतच असतो. तो ज्याने टाकला त्याने कंपनी सोडून जमाना झालेला असतो, आणि घरफोडीला एक जुनी किल्लीसुद्धा पुरते.

बोलताना आपण अजून 'सोळा आणे खरं' म्हणतो, आणि त्याने कोणाचं काही बिघडत नाही. पण दुकानात आणा आज कोणी घेत नाही, म्हणून १९५७ चा तो बदल पुरा झाला म्हणायचा. तेव्हा पुढच्या अपग्रेडच्या मीटिंगला बसलात की एवढंच विचारा: जुनं बंद कधी करणार? तारीख सांगा. तारीख नसेल, तर ते अपग्रेड बारा आणेच झालंय असं समजा.

असो. बाकी पुढच्या वीकेंडला.