कर्जतहून परळला

पावसाळ्यात शनिवार-रविवारी कोंडाण्याच्या लेण्यांकडे मुंबईकरांची रीघ लागते. कर्जतहून पहाटेच्या लोकलने उलट दिशेला निघणाऱ्यांत काहींच्या मांडीवर एक्स-रेची मोठी पिशवी असते. त्यांना परळला, ‘टाटा’त जायचं असतं.

टाटा मेमोरियल हे कर्करोगाचं रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालं. मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पुढच्याच वर्षी पती दोराबजीही गेले आणि पुढे त्यांच्या न्यासाच्या पैशातून परळची इमारत उभी राहिली. तिथल्या प्रयोगशाळेची सूत्रं डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती. फुफ्फुसाच्या कर्करोगावर त्या काळी एकच खरा इलाज होता: सुरी. तोही अवघ्या आठ वर्षांपूर्वीचा.

एप्रिल 1933 मध्ये अमेरिकेत सेंट लुइसला डॉ. इव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी जेम्स गिलमोर या डॉक्टरचंच एक अख्खं फुफ्फुस एका बैठकीत काढलं. शस्त्रक्रियेआधी गिलमोर घरी जाऊन दात भरून आले होते. सोबत दफनभूमीत जागाही घेऊन ठेवली होती! पुढे ते तीस वर्षं जगले. सिगारेटचे शौकीन ग्रॅहॅम मात्र 1957 मध्ये फुफ्फुसाच्याच कर्करोगाने गेले. सिगारेट आणि हा आजार यांचं नातं दाखवणाऱ्या 1950 च्या गाजलेल्या अभ्यासात त्यांचंच नाव होतं, हे आणखी विलक्षण.

सुरी चालते ती रोग एका जागी असेपर्यंत. पसरलेल्या रोगाला केमोथेरपी द्यायची, पण तिचा फायदा किती? 1995 मध्ये अनेक चाचण्यांची आकडेवारी एकत्र मांडली गेली, तेव्हा सिस्प्लॅटिनवर आधारलेल्या केमोने आयुष्य सरासरी दीडेक महिन्याने वाढतं, एवढंच हाती लागलं. उलट्या, अशक्तपणा, गळणारे केस आणि बदल्यात दीड महिना. अनेक घरांनी ‘नको ते हाल’ म्हटलं असेल, तर त्यांना दोष देता येत नाही.

चित्र पालटलं ते एका गोळीने. जेफिटिनिब हे औषध 2002 मध्ये आधी जपानमध्ये आलं. कुणाला ते लागू पडे, बहुतेकांना नाही, आणि का ते कळत नसे. 2004 मध्ये उलगडा झाला: गाठीतल्या पेशींच्या ईजीएफआर जनुकात ठरावीक बदल असेल, तरच गोळी काम करते. हा बदल धूम्रपान न करणाऱ्यांत जास्त आढळतो. आपल्याकडे याला फार महत्त्व आहे. टाटातल्याच 489 रुग्णांच्या 2012 मधल्या अभ्यासात जवळजवळ निम्म्यांनी विडी-सिगारेट कधी ओढलेली नव्हती. कर्जत-खालापूरच्या वाड्यांमध्ये जन्मभर लाकडाच्या चुलीपुढे बसलेल्या बाईला ‘तू विडी ओढतेस का’ एवढंच विचारून थांबलं तर चालत नाही. चुलीच्या धुरालाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने संभाव्य कारणांत बसवलं आहे.

गोळीचा गुण काही महिन्यांनी ओसरतो, ही पुढची अडचण. श्रीमंत देशांतल्या कंपन्या आणखी नव्या, आणखी महाग गोळ्यांच्या मागे लागल्या. परळच्या डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला: हाताशी असलेली जुनीच औषधं एकत्र दिली तर? डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी 2016 ते 2018 या काळात 350 रुग्ण घेतले. निम्म्यांना नुसतं जेफिटिनिब, निम्म्यांना त्याच्या जोडीला पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधं. रोग आटोक्यात राहण्याचा मध्यम काळ 8 महिन्यांवरून 16 वर गेला. फुकट नव्हे: गंभीर दुष्परिणाम दुपटीने वाढले. त्याच सुमारास जपानी चाचणीतूनही असंच दिसलं. 2023 मध्ये ओसिमर्टिनिब या नव्या गोळीला केमोची जोड देणारी आंतरराष्ट्रीय चाचणी प्रसिद्ध झाली, तोवर परळचा निकाल छापून तीन वर्षं उलटली होती. स्वस्त औषधांना असा मान क्वचित मिळतो.

एवढं सगळं रुग्ण वेळेत पोचला तरच उपयोगाचं. गावाकडे महिनाभराचा खोकला आणि एक्स-रेवर डाग म्हटलं की पहिला संशय क्षयाचा. तो रास्तच असतो, कारण क्षय खरोखर जास्त आहे. पण थुंकीत जंतू न सापडताही क्षयाच्या गोळ्या सुरू राहिल्या, की गाठीला वाढायला आयते महिने मिळतात. बायॉप्सीचं नाव काढलं की ‘सुई लागली की रोग पसरतो’ हा समज आडवा येतो. तसं अगदी क्वचितच घडतं, आणि आता त्या तुकड्यावाचून जनुकाची तपासणी होणं अवघड. गोळी कोणती, हे तर तिथेच ठरतं.

टाटाची संशोधन संस्था 2002 मध्ये खारघरला आली, म्हणजे कर्जतच्याच रायगड जिल्ह्यात. 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खालापूरच्या तांबाटी गावातली 10 हेक्टर जमीन टाटा मेमोरियल सेंटरला द्यायचं ठरवलं, पण ती आयुर्वेदावरच्या उपचार आणि संशोधन केंद्रासाठी. कोंडाण्याच्या रुग्णाला टाटातल्या गोळी-केमोसाठी परळ किंवा खारघरच गाठावं लागतं, आणि केमोची फेरी दर तीन आठवड्यांनी येते.