करारानंतरची वर्षे : रिंकू सिंगची बेसबॉल कारकीर्द

आपल्याकडे ‘पहिला’ या विशेषणाला फार मान आहे. अमुक क्षेत्रातील पहिला भारतीय म्हटले की इतिहासाचे काम झाले, असे आपण मानतो. पहिला ठरल्यानंतर त्या माणसाने काय केले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. रिंकू सिंगची अमेरिकेतील कारकीर्द या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

उत्तर प्रदेशातील भदोही जिल्ह्यातला हा ट्रकचालकाचा मुलगा, मूळचा भालाफेकपटू. २००८ साली जे. बी. बर्नस्टीन या अमेरिकी एजंटाने भारतात ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाची चेंडूफेकीची स्पर्धा घेतली. हजारो स्पर्धकांतून डावखुरा रिंकू पहिला आला. त्याला व दिनेश पटेलला कॅलिफोर्नियात टॉम हाउस यांनी शिकवले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलमध्ये करारबद्ध झालेले ते पहिले भारतीय. २०१४ च्या ‘मिलियन डॉलर आर्म’ या चित्रपटाची कथा जवळपास येथेच संपते.

वस्तुतः खरे काम येथून सुरू होते. पायरेट्सशी करार म्हणजे पायरेट्सच्या मैदानावर प्रवेश नव्हे. मुख्य संघाच्या खाली मायनर लीगची उतरंड असते आणि खेळाडूला तळापासून एकेक पायरी चढावी लागते. दिनेशला २०१० च्या अखेरीस मुक्त करण्यात आले. रिंकू फ्लोरिडातील नवोदितांच्या लीगमधून पेनसिल्व्हेनियातील स्टेट कॉलेजच्या संघात आणि तेथून चार्ल्सटनच्या ‘वेस्ट व्हर्जिनिया पॉवर’ या संघात पोहोचला. मधल्या एका हिवाळ्यात तो ऑस्ट्रेलियात कॅनबेराकडूनही खेळला.

त्याची भूमिका होती रिलीफ पिचरची. सामना सुरू करणारा पिचर थकला वा मार खाऊ लागला, की याला बोलावणे येते. कधी यावे लागेल हे आधी ठाऊक नसते. अनेकदा बेसवर आधीच्या पिचरच्या वेळचे धावपटू उभे असतात, आणि क्वचित दिवसभर हात तापवूनही बोलावणे येतच नाही. क्रिकेटमधील बदली गोलंदाजाशी याची तुलना करण्याचा मोह होतो. पण ती पुरती जुळत नाही, कारण बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. सूत्रे हाती आली की ती निभावायची, एवढेच त्याच्या हाती असते.

२०१२ च्या हंगामात पॉवर संघाकडून रिंकू ३९ सामन्यांत ७२ इनिंग खेळला, म्हणजे प्रत्येक वेळी जवळपास दोन इनिंग. ‘अर्न्ड रन अ‍ॅव्हरेज’, अर्थात नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावांची सरासरी, ३.०० होती. चार वर्षांपूर्वी ज्याने बेसबॉलचा चेंडू हातात धरला नव्हता, त्याने लहानपणापासून हा खेळ खेळलेल्या तरुणांसमोर मिळवलेला हा आकडा आहे. ‘पहिला’ होण्यात योगायोगाचाही वाटा असतो. या आकड्यात तो फारसा नाही. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीचे शिखर २००८ चा करार नव्हे, हा हंगाम आहे.

या पायरीच्या वर अजून तीन पायऱ्या होत्या, आणि मग मेजर लीग. तेथे तो पोहोचला नाही. २०१३ चा संपूर्ण हंगाम दुखापतीत गेला. कोपरावर ‘टॉमी जॉन’ शस्त्रक्रिया झाली, आणि पुढेही हाताने साथ दिली नाही. फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी शरीरातलाच दुसरा स्नायुबंध बसवण्याची ही शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केली. तिच्यानंतर अनेक जण मैदानावर परततात, पण सारेच नव्हे. २०१८ मध्ये रिंकू डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीकडे वळला. ‘वीर महान’ म्हणून तो ओळखला गेला. २०२४ मध्ये ते पर्वही संपले.

२०२१ मध्ये मायनर लीगची फेररचना झाली, तेव्हा स्टेट कॉलेज आणि चार्ल्सटन हे दोन्ही संघ त्या उतरंडीबाहेर गेले. रिंकू ज्या पायऱ्या चढला, त्या आज त्या रूपात उरलेल्या नाहीत. म्हणूनच भारतीय क्रीडेतिहासात त्याची नोंद करताना कराराच्या तारखेशेजारी त्या ७२ इनिंगही लिहिल्या जाव्यात.