फुकटच्या खेळाचे मोल

सोलापूरच्या माणसाला 'गड्डा' म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. परगावच्या वाचकांसाठी सांगतो. संक्रांतीच्या सुमारास आमच्या ग्रामदैवताची, श्रीसिद्धेश्वराची यात्रा भरते, सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, आणि होम मैदानावर पाळणे, खेळणी, खाऊची दुकाने यांची जी दाटी होते तिला आम्ही गड्डा म्हणतो. लहानपणी या गड्ड्यात मला एक कोडे पडे. मैदानात शिरायला पैसा पडत नाही, मग बाहेर पडताना वडिलांचा खिसा रिकामा कसा होतो? वडील हसून म्हणत, "अरे, शिरणं फुकट आहे म्हणूनच तर!"

वडिलांचे हे वाक्य मला गेल्या वर्षी शाळेत अचानक आठवले. निमित्त झाले आमच्या वर्गातल्या एका मुलाचे. मुलगा आठवीतला. आई विड्या वळते, वडील चादरीच्या कारखान्यात मागावर आहेत. मुलगा मोबाईलवर एक फुकटचा खेळ खेळे. दोन वर्षे रात्री जागून त्याने त्यात पदव्या मिळवल्या, पोशाख मिळवले, हत्यारे मिळवली. मिळेनात ती आईच्या फोनवरून पन्नास-शंभर करीत विकत घेतली. त्याची बेरीज तीन हजारांवर गेली. पुढे एका अनोळखी खेळाडूने सौदा घातला, 'तुझे खाते मला दे, त्याहून वरचे माझे तुला देतो.' पोराने विश्वासाने आपला परवलीचा शब्द सांगितला, आणि समोरचा गडप झाला.

मुलाने त्या कंपनीला पत्र लिहिले. माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीने जमेल तसे मी ते दुरुस्त करून दिले. उत्तर आले, त्याचा मथितार्थ असा की, खाते दुसऱ्यास देणे नियमाविरुद्ध आहे, आणि त्यातील वस्तू तुमच्या मालकीच्या नव्हत्याच. त्या वापरण्याची परवानगी तेवढी तुम्हांस होती. मुलाने ते उत्तर माझ्याकडून दोनदा समजावून घेतले आणि विचारले, "सर, दोन वर्षं मी कमावलं, ते माझं नव्हतंच काय?"

मला उत्तर देता आले नाही. मास्तराला उत्तर सुचले नाही की तो मागचे धडे चाळू लागतो. मीही या खेळांचा इतिहास चाळू लागलो, आणि ध्यानात आले की हाच प्रश्न गेली पंचवीस वर्षे जगभरचे खेळाडू आपापल्या भाषेत विचारीत आले आहेत.

आमच्या बाळपणी हा प्रश्नच नव्हता. गोट्या होत्या, काड्यापेटीचे छाप होते. एका मोठ्या काचेच्या गोटीला चार साध्या गोट्या, हा आमचा बाजारभाव. भाव आम्हीच ठरवीत असू, भांडत असू, आणि धाकट्या भावाला रडू आले तर दोन गोट्या फुकटही देत असू. गोट्या विकणारा दुकानदार मागाहून येऊन "त्या गोटीवर माझा हक्क आहे" असे कधी म्हणाला नाही.

खेळ संगणकावर गेला तसा दुकानदारही खेळात शिरला. दक्षिण कोरियातील नेक्सॉन कंपनीने १९९९ साली 'क्विझक्विझ' नावाचा प्रश्नोत्तरांचा खेळ काढला. आधी त्याला वर्गणी होती. ती देण्यास लोक नाखूश, असे पाहून कंपनीने खेळ फुकट केला आणि आतल्या बाहुल्यांचे कपडे व अलंकार विकावयास काढले. दार उघडे, पण पाळण्याला पैसे! माझ्या वडिलांना गड्ड्यात जे दिसले होते, त्याचा जगभर चालणारा धंदा झाला. बहुतेक खेळाडू दमडीही खर्चीत नाहीत. थोडेजण मात्र भरपूर खर्चतात, आणि त्या थोड्यांच्या पैशांवर सगळा डोलारा उभा राहतो.

मग देवघेवीचा प्रश्न आला. त्याचा सर्वांत बोलका इतिहास इंग्लंडमधील केंब्रिजचा आहे. तेथील 'रूनस्केप' हा खेळ २००१ साली सुरू झाला. तो फुकट खेळता येई. अधिक मुलूख हवा तर वर्गणी. त्यात कोणी लाकडे तोडी, कोणी मासे धरी, कोणी तलवारी घडवी, आणि सारे एकमेकांशी व्यापार करीत. एक मोठा बाजारच तो! पण जेथे बाजार तेथे चोरबाजार. काही लोक दिवसभर यंत्रासारखे खेळून खेळातले सोने जमवीत आणि ते खऱ्या पैशांना विकीत. त्यात चोरलेल्या क्रेडिट कार्डांचा वापर होऊ लागला आणि जगेक्स ही मालक कंपनी घायकुतीला आली.

कंपनीने उपाय केला तो कुऱ्हाडीचा. डिसेंबर २००७ मध्ये खेळाडूंनी एकमेकांशी मोकळेपणी लढून माल जिंकण्याचे रान बंद झाले, आणि जानेवारी २००८ मध्ये मोकळा व्यापारही. यापुढे दोन्ही पारड्यांतील मालाची किंमत जवळपास सारखीच असली पाहिजे! ऐकायला हे न्यायाचे वाटते. पण याचा अर्थ, थोरल्या भावाला धाकट्या भावास तलवार भेट देता येईना. देणाऱ्याचा हातच बांधला गेला. खेळाडूंनी खेळाच्या आत जमाव करून निषेध केला, कित्येकजण खेळ सोडून गेले. चोर थोडे होते. शिक्षा सगळ्या गावाला झाली.

तीन वर्षांनी कंपनीने एक शहाणपणाची गोष्ट केली. तिने खेळाडूंनाच विचारले. मोकळा व्यापार परत आणावा काय? जानेवारी २०११ मध्ये बारा लाखांच्या आसपास मते पडली. त्यांतील ९१ टक्के 'होय' म्हणाली, आणि १ फेब्रुवारीस बाजार पुन्हा उघडला.

त्याच वर्षी आइसलँडच्या 'ईव्ह ऑनलाइन' या खेळातही वादळ उठले. तो वर्गणीचा खेळ. तरीही कंपनीने वर आणखी दुकान थाटले, आणि त्यात एका डोळ्यावर लावायच्या भिंगाची किंमत साठ डॉलरांवर ठेवली! भिंग नुसते शोभेचे. पण उद्या लढाईतली सरशीसुद्धा विकावयास काढतील, या धास्तीने खेळाडू बिथरले. शेकडो जहाजे एका स्मारकाभोवती जमली आणि त्यावर तोफा डागू लागली. शेवटी खेळाडूंनी निवडून दिलेल्या मंडळाला कंपनीने आइसलँडला बोलावून घेतले, आणि पुढे तिच्या प्रमुखाने पत्र लिहून चूक कबूल केली.

मात्र एकदा विचारले म्हणजे कायमचे शहाणपण आले असे नव्हे. जगेक्सनेच २०१२ मध्ये नशिबाचे चक्र आणले आणि ते फिरविण्याचे पैसे घेऊ लागली. पुन्हा कुरबुर झाली. २०१३ साली खेळाडूंच्या मतांनीच तिने २००७ चा जुना खेळ नव्याने चालू केला, आणि त्यात आरंभी नियम घातला की, ७५ टक्के खेळाडूंचा होकार असल्याविना मोठा बदल करायचा नाही. तो जुना खेळ आजही गजबजलेला आहे.

आपल्याकडे ही गोष्ट निराळ्या वाटेने आली. २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने ११८ चिनी संबंधांची ॲप बंद केली. त्यात 'पबजी मोबाईल' होता. शहरांत, खेड्यांत, आमच्या सोलापूरच्या कट्ट्याकट्ट्यांवर खेळला जाणारा खेळ तो! देशाच्या सुरक्षिततेचा विचार आपल्या जागी; पण ज्यांनी त्यात पैसे घालून पोशाख घेतले होते त्यांची पेटी कुलूप लागून बसली. जुलै २०२१ मध्ये क्राफ्टन या कोरियन कंपनीने तोच खेळ भारतासाठी नव्या नावाने आणला, तेव्हा जुना माल नव्या खात्यात नेण्याची सोय दिली. गिऱ्हाइकाला आपले जुने गाठोडे आधी हवे असते, हे तिने ओळखले. अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तास आणि सात हजार रुपये अशी मर्यादाही घातली. सात हजार! आमच्या गावातल्या कित्येक घरांत तेवढा महिन्याचा हिशेब असतो. मर्यादा घालणाऱ्याने विडी वळणारीच्या घरात डोकावून पाहिले नसावे.

पुढे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याने जुगाराची वाट अडवली. पण फुकटच्या खेळातल्या पोशाखाची, हत्याराची मालकी कोणाची, हा माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न निराळाच आहे.

त्याला मी पुढे उत्तर दिले ते असे: "कागदावर ते तुझं नव्हतं. नियम न वाचता सही करणारा शहाणा माणूसही फसतो, तू तर मूल आहेस. पण तू घातलेला वेळ तुझा होता, आणि ज्यांनी वेळ घातला त्यांना विचारल्याशिवाय मालकाने नियम बदलू नयेत, ही तुझी मागणी खरी आहे. दुसरीकडच्या खेळाडूंनी ती केली, आणि मालकाला ऐकावं लागलं." मुलाने मान हलविली. पण त्याला खरी काळजी होती ती तीन हजारांची. त्याची आई त्याला एका शब्दाने बोलली नव्हती, आणि तेच त्याला सोसत नव्हते.

परवा त्यांच्या गल्लीतून चाललो होतो. दिवाळीचा किल्ला चालला होता. हा पठ्ठ्या मातीने कोपरापर्यंत माखलेला, आणि शेजारच्या पोराशी घासाघीस चाललेली, एका घोडेस्वाराला दोन मावळे की तीन! अडीचवर काही येईना. शेवटी याने घोडेस्वार उचलला आणि त्या धाकट्या पोराच्या हातात तसाच ठेवला. "घे बे, राहू दे तुझे मावळे."

मी काही बोललो नाही. सायकल तशीच पुढे काढली.