हिरवा आकडा

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नातीने मोबाईलवर एक पान उघडून दिलं आणि म्हणाली, "आजोबा, उंची आणि वजन टाका." उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. उत्तर आलं २४.१, तेही हिरव्या रंगात, खाली 'नॉर्मल'! मी इतका खूश झालो की दरवर्षीची रक्ततपासणी टाळली. एकदा नाही, दोनदा. मग पायाची जखम भरेना म्हणून डॉक्टरांकडे गेलो, तर साखर चांगलीच वाढलेली निघाली.

चूक त्या पानाची नाही, माझी. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. बखर हाती आली की आधी विचारायचं, कोणी लिहिली, कधी, कशासाठी? हे सांगून सांगून घसा बसायचा. पण मोबाईलवरच्या आकड्याला यातला एकही प्रश्न मी विचारला नाही. आता उशिरा का होईना, विचारले.

वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं, हे ते सूत्र. त्याचा जनक डॉक्टर नव्हताच. ॲडॉल्फ केतले हा बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ. ताऱ्यांच्या निरीक्षणांसाठी वापरायचं सरासरीचं गणित त्याने माणसांना लावलं आणि १८३५ साली 'सरासरी माणसा'वर ग्रंथ लिहिला. प्रौढांचं वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, असं त्याला दिसलं. समोरचा माणूस आजारी आहे का, हा त्याचा प्रश्नच नव्हता.

'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी, १९७२ साली. त्यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक लोकांची मापं तपासली. सगळे पुरुष, बाई एकही नाही! लोकांच्या मोठ्या गटांचा अभ्यास करायला हे माप सोयीचं, म्हणून ते रूढ झालं.

आणि आपण? याचं उत्तर पुण्यात सापडतं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचंच उदाहरण छापलं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आकडा एक, शरीरं दोन.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सुचवलं की आशियाई लोकांनी २३ पासूनच सावध व्हावं. २००९ साली भारतीय डॉक्टरांनीही २३ च्या पुढे 'जादा वजन' धरायचं ठरवलं. म्हणजे माझा हिरवा २४.१ आपल्याकडच्या मोजपट्टीवर हिरवा नव्हताच. आणि २२ आला असता, तरी रक्तातली साखर त्याने थोडीच सांगितली असती?

मंडळी, अशी पानं वाईट नाहीत. जरूर वापरा. पण ते गणित कोणाच्या मापांवरून बेतलंय, तेही पाहा, आणि आलेला आकडा कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. तपासणी मात्र त्याच्या भरवशावर टाळू नका.

असो. जखम भरली आहे. पुढच्या तपासणीची तारीख नातीने कालनिर्णयवर लाल पेनने लिहून ठेवली आहे.