मांडव गावाचा, नाटक कंपनीचे

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी रेल्वे वैनगंगेच्या अंगाने खाली उतरते तेव्हा वडसा लागते. कागदोपत्री या गावाचे नाव देसाईगंज. गडचिरोली जिल्ह्याला रेल्वेचे तोंड इतकी वर्षे फक्त इथेच दिसले. पण झाडीपट्टीतल्या माणसाला वडसा आठवते ते नाटक कंपन्यांसाठी. हंगाम जवळ आला की रस्त्याच्या कडेने नाट्यमंडळांचे फलक उभे राहतात. त्यांवर नट-नट्यांचे मोठमोठे चेहरे, ठसठशीत अक्षरांत नाटकाचे नाव आणि खाली लेखकाचे नाव असते. गावोगावची पोरे चार-पाच जणांच्या टोळीने येतात, एका कार्यालयातून दुसऱ्यात जातात. यंदा हिरो कोण? विनोदी पात्र कोण करणार? गाणारी बाई आहे का? नाटक नवे की गेल्या सालचे? सगळे पटले तर तारीख लिहून घेतात, विसार देतात आणि गावाकडे परततात.

झाडी म्हणजे जंगल. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांचा धानाचा आणि जंगलाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. बांध्यांतले धान कापून झाले, हातात थोडा पैसा आला की दिवाळीच्या पाडव्यापासून मंडया भरू लागतात. पुढे शंकरपट येतात, बैलजोड्या धावतात, लेकी-जावई गावात येतात, सोयरिकी जुळतात. आणि रात्री नाटक असते. ते सुरू व्हायला दहा-अकरा वाजतात आणि संपता संपता पहाट होते. दंडार, खडी गंमत, दंडीगान अशा जुन्या लोककलांच्या मातीतच ही रंगभूमी उगवली. संगीत नाटकांचे वारे इकडे आल्यावर तिने पडदा, पेटी आणि पदे घेतली, पण प्रेक्षक आपलाच ठेवला. हंगाम होळीपर्यंत चालतो.

बाहेरून आलेल्या माणसाला एका गोष्टीचे नवल वाटते. मोठ्या पटाच्या गावात एकाच रात्री दोन-दोन, कधी तीन नाटके लागतात. एका मांडवातल्या पेटीचे सूर दुसऱ्या मांडवात ऐकू येतात. प्रेक्षक तेच, रात्र तीच, आणि कंपन्या मात्र एकमेकींच्या कट्टर स्पर्धक. तरी एकीने दुसरीला गावाबाहेर काढल्याचे घडत नाही, कारण मांडव कोणत्याच कंपनीचा नसतो. मंच उभारते ते गावातले मंडळ, तिकिटे विकते तेच, आणि शिल्लक राहिलेला पैसा शाळेच्या किंवा देवळाच्या कामी लावते तेही तेच. कंपनी नाटक घेऊन येते आणि पहाटे निघून जाते.

करमणुकीच्या धंद्याचा इतिहास वाचताना हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो: मंच कोणाचा, आणि मंचावर जे दिसते ते बनवणारी माणसे कोणाची? दोन्ही एकाच मालकाच्या हातात गेली की स्पर्धेचा रंगच पालटतो. व्हिडिओ गेमच्या जगात गेल्या पंचवीस वर्षांत हेच घडले. मराठी रंगभूमीने त्याची एक जुनी आवृत्ती शंभर वर्षांपूर्वी पाहिली आहे.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि किर्लोस्कर नाटक मंडळी उभी राहिली. त्या काळची मंडळी म्हणजे एक फिरते बिऱ्हाड होते. नट पगारी, जेवण एकत्र, मुक्काम एकत्र. नाटककाराने कोणासाठी लिहावे, गाणाऱ्या मुलाला कोणी आपल्याकडे ओढावे, यावर मंडळ्यांचे भवितव्य ठरे. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, किर्लोस्करांत आले. १९११ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' आले आणि मंडळीचे भाग्य पुन्हा उजळले. पण दोनच वर्षांत, १९१३ मध्ये, बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. खाडिलकरांची लेखणीही त्यांच्यामागे गेली. १९१६ चे 'स्वयंवर' गंधर्वांच्या मंचावर उभे राहिले. पुढे १९१८ मध्ये दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे हेही किर्लोस्करांतून निघाले. त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. किर्लोस्कर हे नाव तेच राहिले, पण ज्यांच्यासाठी लोक तिकीट काढत ती माणसे निघून गेली होती.

राम गणेश गडकऱ्यांची नाटके पाहिली तर या ओढाताणीचा नकाशाच मिळतो. 'प्रेमसंन्यास' महाराष्ट्र नाटक मंडळीकडे, 'पुण्यप्रभाव' किर्लोस्करांकडे, 'एकच प्याला' गंधर्वांकडे, 'भावबंधन' बळवंतकडे. एक लेखक आणि चार मंडळ्या. २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेर येथे गडकरी वारले तेव्हा 'एकच प्याला'चा पहिला प्रयोगही झालेला नव्हता. तो त्यांच्या पश्चात झाला. लेखक कोणाच्याच दावणीला बांधलेला नव्हता, म्हणून चारही मंडळ्या त्याच्यामुळे श्रीमंत झाल्या आणि चारही मंडळ्यांच्या प्रेक्षकांना तो मिळाला. आज वाचताना वाटते, तो एकाच मंडळीने विकत घेऊन ठेवला असता तर मराठी माणसाच्या वाट्याला किती कमी आले असते!

८ जुलै १९२१ चा संयुक्त 'मानापमान' हाही याच मोकळेपणाचा पुरावा आहे. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत गंधर्व मंडळी आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श एका मंचावर आल्या. केशवराव धैर्यधर झाले, बालगंधर्व भामिनी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले.

आता गेमच्या धंद्याकडे वळू. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचे यंत्र. सोनीचे प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स, निन्टेन्डोचे स्विच. हे यंत्र म्हणजेच मांडव, पण इथे तो गावाचा नसून कंपनीचा. यंत्र पुष्कळदा उत्पादन खर्चाच्या आसपास विकले जाते आणि नफा त्यावर चालणाऱ्या गेममधून निघतो. मग ग्राहकाने आपलेच यंत्र का घ्यावे? जे दुसऱ्या यंत्रावर मिळत नाही ते इथे मिळते म्हणून. आणि ते दुसरीकडे मिळू नये याची सगळ्यात पक्की सोय म्हणजे गेम बनवणारा स्टुडिओच विकत घेणे.

बंजी या अमेरिकन स्टुडिओची कहाणी यासाठी पुरेशी आहे. १९९९ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी अॅपलच्या मंचावरून बंजीच्या 'हेलो' या गेमची पहिली झलक दाखवली होती. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने अख्खा स्टुडिओ खरेदी केला आणि नोव्हेंबर २००१ मध्ये 'हेलो' आला तो नव्याकोऱ्या एक्सबॉक्सबरोबर, फक्त एक्सबॉक्सवर. त्या बाजारात नवख्या असलेल्या कंपनीला या एका गेमने पाय रोवायला जागा दिली. त्याच वर्षी सोनीने नॉटी डॉग हा स्टुडिओ घेतला. त्याच वर्षी आपले 'ड्रीमकास्ट' हे यंत्र बंद करून सेगा कंपनीने यंत्रांचा धंदाच सोडला. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ३७.५ कोटी डॉलर मोजून रेअर हा ब्रिटिश स्टुडिओ घेतला. रेअरमध्ये निन्टेन्डोचा ४९ टक्के वाटा होता आणि 'डाँकी काँग कंट्री', 'गोल्डनआय' हे निन्टेन्डोच्या यंत्रावर गाजलेले गेम याच स्टुडिओचे होते. एका मांडवातले हुकमी नट दुसऱ्या मांडवाने नेले, आणि यावेळी करार करून कायमचे नेले. किर्लोस्करांच्या काळात ते शक्य नव्हते. तेव्हा माणूस फुटू शकत होता, दुसरी मंडळी काढू शकत होता, नाटक घेऊन जाऊ शकत होता. स्टुडिओ विकला गेला की माणूस बाहेर पडू शकतो, पण त्याने निर्माण केलेले पात्र, गोष्ट, नाव मालकाकडेच राहते. २००७ मध्ये बंजी मायक्रोसॉफ्टपासून वेगळी झाली; 'हेलो' मात्र मागे राहिला.

मूळच ताब्यात घेण्याची ही रीत चंद्रपूर-गडचिरोलीला परकी नाही. १९४५ मध्ये थापर समूहाने बल्लारपूरची कागद गिरणी स्थापन केली ती इथल्या बांबूच्या भरवशावर. कागदाच्या धंद्यात बांबू कोणाच्या हाती यावर निम्मी लढाई ठरते. २००७ मध्ये याच कंपनीने लगद्यासाठी मलेशियातली सबाह फॉरेस्ट इंडस्ट्रीज २६.१ कोटी डॉलरला घेतली, म्हणजे समुद्रापार जंगल आणि गिरणी एकत्रच घेतली. दहा वर्षांत ती खरेदी हातातून गेली आणि मूळ कंपनीही कर्जात बुडाली. इकडे धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्या दिवसापासून गिरणी आणि व्यापारी ग्रामसभेच्या दारात ग्राहक म्हणून येऊ लागले. मांडव गावाचा असणे म्हणजे काय, हे या भागाने नाटकात आधी शिकले आणि बांबूत नंतर सिद्ध केले, असे म्हणण्याचा मोह होतो.

गेमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी खरेदी १८ जानेवारी २०२२ ला जाहीर झाली. 'कॉल ऑफ ड्यूटी'ची मालक असलेली अॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ६८.७ अब्ज डॉलरला घेतो, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले. वर्षभरापूर्वीच तिने साडेसात अब्ज डॉलरला झेनिमॅक्स ही गेम कंपनी घेतली होती. त्या घराण्यातला 'स्टारफील्ड' २०२३ मध्ये आला तो प्लेस्टेशनला वगळून. अॅक्टिव्हिजनच्या घोषणेनंतर दोन आठवड्यांच्या आत सोनीने ३.६ अब्ज डॉलरला बंजी घेत असल्याचे जाहीर केले. हीच ती बंजी. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने मायक्रोसॉफ्टची खरेदी रोखावी म्हणून न्यायालय गाठले, ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने आधी नकार दिला. शेवटी जुलै २०२३ मध्ये अमेरिकी न्यायालयाने आयोगाची मागणी फेटाळली, 'कॉल ऑफ ड्यूटी' प्लेस्टेशनवर दहा वर्षे देण्याचा करार झाला, क्लाउडवरून गेम खेळवण्याचे हक्क युबिसॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीकडे गेले आणि ऑक्टोबरमध्ये सौदा पुरा झाला. त्या सगळ्या भांडणाचे सार एकच होते: दुसऱ्याच्या मांडवात हे नाटक लागू द्यायचे की नाही, हे आता नाटकाचा नवा मालक ठरवणार होता.

खरेदी झालेल्या घरांचे पुढे काय होते, हेही लगेच दिसले. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने झेनिमॅक्सबरोबर आलेले आर्केन ऑस्टिन आणि टॅंगो गेमवर्क्स हे स्टुडिओ बंद केले. टॅंगोचा 'हाय-फाय रश' तर वर्षभरापूर्वीच वाखाणला गेला होता. त्याच वर्षी टॅंगोला क्राफ्टन या कोरियन कंपनीने आसरा दिला. हीच कंपनी भारतातल्या मोबाइलवर 'बीजीएमआय' हा गेम चालवते, आणि गडचिरोलीच्या पोराच्या हातात गेम दिसला तर तो बहुधा मोबाइलवरचाच असतो, कन्सोल नव्हे.

झाडीपट्टीत कोणी कोणाला असे विकत घेत नाही. नट, गायिका, वादक यांचा हिशेब प्रयोगावर, म्हणजे 'नाईट'वर. आज एका कंपनीत असलेला खलनायक पुढच्या साली दुसरीत दिसतो, आणि लोक फलकावर त्याचा चेहरा शोधतात. नागपूर-मुंबईचे कलाकारही इथे येऊन हंगाम करतात. त्यामुळे कंपनीला स्पर्धा करायची तर दरवर्षी नवे नाटक हवे, चांगला संच हवा, प्रसंगाला धार हवी. शेतकऱ्यांच्या आत्महत्या, दारू, हुंडा, नक्षलवाद हे विषय मांडवात आले ते यामुळेही. लोक काल काय पाहून गेले ते कंपनीला ठाऊक असते आणि आज त्याहून जवळचे काहीतरी द्यावे लागते.

या मोकळेपणाची किंमत मात्र कलाकार मोजतात, आणि ती झाकून ठेवणे बरे नाही. पगार नाही, निवृत्तिवेतन नाही, रात्रभर जागून सकाळी पुढच्या गावाची गाडी. २०२० च्या हिवाळ्यात करोनाने मांडव अंधारात गेले तेव्हा 'नाईट'वर जगणाऱ्यांना हिशेब मागायला मालकही नव्हता. त्याआधी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शंकरपट थांबले होते. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला पुन्हा परवानगी मिळाली आणि पटाची गर्दी नाटकाला परत मिळाली.

२०२३ मध्ये कुरखेडा भागातले झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खात्यावर ५,००० हून अधिक प्रयोग आणि ८०० भूमिका आहेत. एवढ्या भूमिका एका कंपनीच्या चार भिंतींत मावत नाहीत; त्या मांडवामांडवांतून, गावागावांतून गोळा होतात. ते शेतकरी. त्यांच्यासारखे अनेक जण होळीनंतर रंग पुसून शेतीकडे वळतात. मे महिन्यात कोणी तेंदूपत्ता तोडायला जातो, पावसाळ्यात कोणी बांधीत रोवणीला उतरतो. आणि दसऱ्याच्या सुमारास वडशाच्या रस्त्यावर नव्या फलकांचे बांबू ठोकले जात असतात, तेव्हा यंदा आपला चेहरा कोणत्या कंपनीच्या फलकावर चढणार याची बोलणी त्यांची अजून चालूच असतात.